पुरं न पडणारं दूध

आमचं बाळ दोन महिने आधीच आलं. वाशीच्या हॉस्पिटलात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं आणि मला घणसोली गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीवर पाठवून दिलं. बाळंतीण घरी, बाळ तिकडे. शेजारणी बाळ बघायला यायच्या आणि मलाच बघून जायच्या.

डॉक्टरांनी निघताना समजावलं होतं. शेवटच्या महिन्यांत बाळ आईच्या पोटात जे घेतं, ते याचं घ्यायचं राहिलं. कॅल्शियम, प्रोटीन, सगळंच. आईचं दूध हवंच, पण नुसतं ते पुरणार नाही, त्यात एक पावडर मिसळावी लागेल. वजन वाढलं की घरी न्या, म्हणाले. नाही वाढलं तर काय, ते बोलले नाहीत.

सासूबाई बाळंतपणासाठी साताऱ्याहून आल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. पावडरीचं ऐकून त्या उसळल्याच. "म्हशीच्या दुधात पानी घालत्यात, ह्ये ठावं हाय. आईच्या दुधात भुकटी? आईचं दूध कवा कमी आसतंय व्हय?" मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. माझ्यातच काहीतरी कमी आहे, म्हणून ते लवकर निघालं आणि आता दूधही पुरत नाही, असं मला वाटत होतं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते, मी मात्र तेवढंच ऐकलं होतं.

सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, वारं लागतं, हा आत्यांचा कायदा. म्हणून रोज सकाळी मी वाटीत दूध काढायचे, आत्या ते बाटलीत भरून झाकण लावायच्या, बाटली बर्फाच्या थर्मासात जायची. नवरा मार्केटात माथाडी होता. कामावर जाता जाता तो ती हॉस्पिटलात द्यायचा. संध्याकाळी विचारलं, की म्हणायचा, "वजन हाय तेवढंच हाय." आणखी विचारलं, की ताट मागायचा.

एके दिवशी कांद्याच्या गाड्या लवकर लागल्या. तो निघून गेला आणि दूध न्यायला कोणी उरलं नाही. मी कानाला रुमाल बांधला. आत्या दारात आडव्या आल्या. "लागू दे वारं," मी म्हटलं. त्यांना दिलेलं ते माझं पहिलं उलट उत्तर.

हॉस्पिटलात सिस्टरनं बाटली उजेडात धरली. तळाशी काळपट काहीतरी बसलं होतं. "आज पण राख," ती म्हणाली. "रोज असते. तुमच्या मिस्टरांना सांगितलं, ते नुसतं हो हो करतात." आणि माझ्यासमोर तिनं ते दूध बेसिनमध्ये ओतलं.

मी ओळखलं, तो गावच्या देवाचा अंगारा होता. दूध घराबाहेर जातं, कुणाची नजर लागू नये, म्हणून आत्या झाकण लावताना चिमूटभर टाकत होत्या. नवऱ्याला कळलं होतं, पण आईपुढे तोंड उघडत नव्हतं आणि माझ्यापुढे तर त्याहून नाही.

"मग बाळ पितं काय?" मी विचारलं.

"डब्याचं. कमी दिवसांच्या मुलांचं वेगळं येतं, त्यात सगळं घातलेलं असतं. आणि कालपासून वजन वाढतंय हां! आता दूध स्वच्छ आणा, पावडर घालून तेही देऊ."

मी पेटीजवळ उभी राहिले. माझा ब्लाऊज भिजला होता आणि त्याच्या नाकातल्या नळीतून डब्याचं दूध उतरत होतं. वजन वाढलं, म्हणून त्या डब्याला हात जोडावेसे वाटले. माझ्याशिवाय वाढलं, म्हणून ते जोडवले नाहीत.

घरी येऊन आत्यांना सगळं सांगितलं. वाटलं, भांडतील. त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"पोराला बघू देत न्हाईत, हात लावू देत न्हाईत," त्या म्हणाल्या. "मग मी त्येच्यासाठी करायचं तरी काय गं?"

माझ्याकडे निदान दूध तरी होतं, पुरो न पुरो. त्यांच्याकडे तेवढा चिमूटभर अंगाराच होता, आणि तोही मी आत्ताच काढून घेतला होता.