सराट्याचा काढा

लघवी अडली की माझा नवरा मला मारायचा. आधीही मारायचा, पण त्या वर्षी त्याला थेंब थेंब व्हायला लागलं आणि मार वाढला.

पिंगळीच्या एका म्हाताऱ्यानं सराट्याचा काढा सांगितला. सराटा म्हणजे बांधावरचा तो काटा, चपलेतून पायात घुसतो. फळं ठेचायची, तांब्याभर पाण्यात उकळायची, अर्धं आटवायचं. काढा केला, पण त्याला लगेच दिला नाही. तो मला मारतो हे गावाला ठाऊक होतं. काढा पिऊन मेला असता तर भावकीनं मलाच धरलं असतं. म्हणून आधी तीन दिवस मी स्वतः प्यायचं ठरवलं.

चुलीपाशी दोन वाट्या ठेवल्या. लघवीला गेले की एकीत खडा, परसाकडं गेले की दुसरीत चिंचोका. पहिल्या दिवशी सात खडे. दुसऱ्या दिवशी अकरा खडे, चार चिंचोके. पोट ढवळलं, बाकी काही नाही.

घरच्या संडासात सरपणाला कापसाच्या पऱ्हाट्या भरलेल्या, म्हणून मी समोरच्या तुरीत जायचे. तिसऱ्या दिवशी त्यानं दारातच अडवलं.

"कुठं जायलीस गं सारखी?"

"मुतायला."

"इतक्या बार? कोन बसलाय तुरीत?"

"रानडुक्कर बसलंय. जा, भेटून या."

त्यानं बैलाचा कासरा काढला. पाठीवर, मांड्यांवर, पडल्यावर तोंडावर लाथ. माझा पुढचा दात तेव्हाच गेला. "तुमचंच औषध पारखायलेय," म्हणून मी वाट्या दाखवल्या.

"इख करायलीस मला!" त्यानं वाट्या लाथेनं उडवल्या.

दोन दिवसांनी त्याला थेंबही होईना. मग स्वतःच म्हणाला, "आन तुजं ते."

मला काही झालं नव्हतं, म्हणून मी त्याला दिवसभर पाजत राहिले. संध्याकाळी त्याचं ओटीपोट घागरीसारखं फुगलं. तो भिंतीवर डोकं आपटायचा, मला मारायला उठायचा आणि पडायचा. परभणीला नेताना त्याचा भाऊ जीपमध्ये माझ्यासमोर बसला होता.

"ह्यो गेला तर तुला सोडत न्हाई," एवढंच बोलला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, खडे-चिंचोक्यांसकट.

"मावशी, तुमची वाट मोकळी आहे. यांची गाठीनं बंद झालीय. बंद वाटेवर तुम्ही वरून पाणी वाढवलंत. जीवच गेला असता."

लघवीची नळी घालायला घेतली तशी त्यानं नर्सबाईला लाथ मारली. "हात धरा कुणीतरी!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. भाऊ भिंतीकडं सरकला. मी खाटेवर चढले, त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि दोन्ही मनगटं दाबून धरली.

"सोड, हात मोडतील," तो खालून म्हणाला.

"मोडू द्या."

नळीखालची पिशवी भरायला लागली. त्याचं अंग सैल पडलं, तो लहान लेकरागत रडायला लागला.

"झालं मावशी, सोडा आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला ऐकू आलं होतं. तरी आणखी थोडा वेळ मी त्याचे हात तसेच दाबून धरले.