पानठेल्यावरचा चुना

नवेगाव बांधच्या आमच्या शाळेत प्रयोगासाठी चुना कधीच नसतो. मागून मागून मी थकलो. म्हणून दरवर्षी पानठेल्यावरून तंबाखू-सुपारीच्या खर्र्यात घालायच्या चुन्याची पुडी आणतो, पाण्यात कालवतो आणि वरचं निवळ पाणी परीक्षानळीत घेतो. त्यात स्ट्रॉने फुंकलं की पाणी दुधासारखं होतं. पुस्तक इथेच संपतं आणि पोरं दप्तरं आवरू लागतात. मी म्हणतो, "थांबू नका, फुंकत राहा."

यंदा फुंकणारी मुलगी चिवट निघाली. तिच्या श्वासाने पाणी आंबट होत गेलं आणि पांढरेपणा विरघळला. मी सांगितलं, समुद्रातले शिंपले याच पांढऱ्या पदार्थाचे असतात. श्वासातला हाच वायू आपल्या धुरातूनही समुद्राच्या पाण्यात मुरतो, मग कोवळ्या शिंपल्यांची कवचं धड बनत नाहीत, बनलेली झिजतात. वर्गात कुणी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे इथे पोरं पुन्हा दप्तरांकडे वळतात. मलाही आता त्याची सवय झाली आहे.

ती मात्र पुडीत उरलेला बोटभर चुना दाखवत म्हणाली, "सर, पांढरं परत आनाले हा टाकू का जी?"

नळीपुरतं तिचं बरोबर होतं, पण समुद्राला अशा किती पुड्या लागतील, हे सांगायचं त्राण नव्हतं.

"टाक," म्हणालो आणि खुर्चीत बसलो.