बारका भोपळा

आमच्या गावात पोहायला शिकायचं म्हणजे पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत उडी टाकायची. कर्नाटकातल्या आळंदच्या आमच्या बाजूला नदी कसली आलीय, ओढासुद्धा दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना भोपळे बांधायचं काम अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ते पोराला खालवर बघायचे, त्याच्या अंगाजोगा भोपळा निवडायचे आणि काखेतून दोरी घेऊन छातीवर गाठ मारायचे. सगळं गाव आपली लेकरं बिनघोर त्यांच्या हाती द्यायचं.

एका उन्हाळ्यात अक्का, माझी थोरली बहीण, विहिरीत उतरली, घाबरली आणि गटांगळ्या खायला लागली. लोकांनी उड्या टाकून तिला वर काढलं. ती वाचली, उमरग्याला सुखानं नांदतेय. पण तिच्या पाठीवरचा भोपळा बारका होता, हे सगळ्यांनी बघितलं होतं. पोटच्या पोरीला एवढासा भोपळा? गावाला तेवढंच पुरलं. त्या दिवसापासून अप्पांनी कुणाच्या पाठीला दोरी लावली नाही, विहिरीची वाटसुद्धा सोडली. शाळेत पोरं मला विचारायची, "तुज्या बापानं तुला काय बांधलं बे, दोडका?" मला अप्पांची लाज वाटायची. राग यायचा तोही अप्पांचाच, पोरांचा नाही.

पुढं गावातली निम्मी पोरं पुण्या-हैदराबादला पांगली तेव्हा मी कारवारकडच्या किनाऱ्यावर गेलो. आधी हॉटेलात, मग पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्या एका दुकानात श्वासाच्या हवेच्या टाक्या भरायला. कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही येतात म्हणून मालक म्हणाले, परीक्षा दे, लोकांना घेऊन खाली जायचं काम देतो. पण विंग स्वतःची घ्यायची. विंग म्हणजे पाठ आणि टाकी यांच्यामध्ये बसणारी हवेची पिशवी. हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. आमचा भोपळाच की हा, असं मनात आलं आणि मी तिथंच फसलो.

दुकानात दोन विंगा होत्या. एक अरुंद, एक चांगली ऐसपैस. शिकवणारे सर म्हणाले, "तुला एकच टाकी लावायचीय, अरुंद पुरे. रुंद आहे ती दोन टाक्यांची." मी मान डोलावली आणि रुंद उचलली. बारकी पिशवी पाठीला लावायची म्हटलं की कानात दोडका वाजायचा. आपण नाही बाबा एवढ्याशावर जीव टाकणार, असं म्हणून मी मोठ्या तोऱ्यात ती खांद्यावर टाकली.

परीक्षेच्या दिवशी खाली जाणं झकास झालं. वर येताना पिशवीतली हवा आपोआप फुगते, म्हणून सरांनी खूण केली, हवा सोड. मी हवा सोडायची दोरी ओढतोय, ओढतोय, हवा काही निघेना. एका टाकीला ती रुंद पिशवी दोन्ही बाजूंनी गुंडाळली गेली होती आणि हवा तिच्या घडीत अडकून बसली होती. मी कलंडलो आणि सुसाट वर आलो तो थेट पर्यटकांच्या नावेशेजारी, उताणा, हातपाय वर. नावेतली बाई खो खो हसली. पाणी खोल नव्हतं म्हणून इजा झाली नाही, पण नापास झालो. सरांनी एवढंच सांगितलं, "माणूस पाण्यात जड नसतोच रे. पिशवीनं उचलायचं ते मुख्यतः टाकीचं वजन. माणसाला थोडक्यात भागतं."

मी अरुंद विंग घेतली, पुढच्या खेपेला पास झालो. घरी फक्त पास झाल्याचं सांगितलं. उताणा पडलो ते कुठल्या तोंडानं सांगणार?

काही वर्षांनी, तुरीच्या राशी झाल्यावर अप्पा पहिल्यांदा समुद्र बघायला आले. मी विंग गोड्या पाण्यानं धुऊन दोरीवर टाकत होतो. त्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली.

"एवढ्याशावर जायलास व्हय खाली?"

"व्हय अप्पा. एका टाकीला एवढीच लागती."

"मोठी कामून घेतली न्हाईस?"

मग सांगावंच लागलं. रुंद पिशवी, उताणा मी, हसणारी बाई, सरांचं बोलणं, सगळं. माझे कान तापले होते. अप्पा हसले नाहीत. विंगेवरून हात फिरवत राहिले.

"माणसाला थोडक्यात भागतं म्हणले?"

"व्हय."

"म्हंजी अक्काचा भोपळा बारका न्हवता."

"न्हाई अप्पा. बरोबर होता. ती घाबरली, एवढंच."

ते तिथंच पायरीवर बसले. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. इतकी वर्षं गावात खाली मान घालून चाललेला माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि त्याची मान वर करणारं वाक्य मी माझी लाज झाकायला दाबून ठेवलं होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग त्यांनी विचारलं, "हे तुला कवा कळलं?"

"परीक्षेच्या वेळंलाच."

अप्पांनी विंग पुन्हा दोरीवर नीट टाकली. आवाजात राग नव्हता.

"फोन तर दर आइतवारी करायलास की," ते म्हणाले.