टोल माफ

बायको वारल्यावर लेकीनं मला अमेरिकेत आणलं. आज जुना टोलरस्ता दाखवायला नेलं, तर मी ऐटीत पुढे निघालो आणि मैलभर उलट्याच दिशेला चालत गेलो. परत येऊन दगडी नाक्याच्या पायरीवर मटकन बसलो. घोडागाड्या अडवायला इथं आडवा दांडा असायचा. पाटीवर लिहिलंय, अंत्यविधीला जाणाऱ्यांना टोल माफ.

"मग सगळेच रडवेलं तोंड करून फुकट जात असतील," मी म्हणालो.

"खरं-खोटं नाकेवाल्याला चेहऱ्यावरून कळत असेल, बाबा. तुम्हाला त्यानं विचारलंही नसतं."

मला वाटत होतं, दोन महिने लेकीसमोर मी छान हसतोय. त्या हसण्यानंच किती दमलो होतो!

"पाय दुखतात गं," म्हटलं.

ती शेजारी टेकली. "माझेही, बाबा."