एकेचाळीस पट्ट्यांचा हट्ट

सत्तरच्या दशकात आमच्या साताऱ्याच्या ऑर्केस्ट्रात मी एकटी मुलगी, आणि तीही ॲकॉर्डियनवाली. ऑर्केस्ट्रा चालवायचे माझ्याच कचेरीतले हेडक्लार्क. गणपती महिन्यावर आले तेव्हा त्यांनी बजावलं, "मोठा ॲकॉर्डियन आणा, नाहीतर सांगलीचा एक वादक स्वतःचा घेऊन यायला तयार आहे." झालं! माझं डोकंच फिरलं. तीन वर्षं मागून आणलेल्या बाज्यावर निभावलं मी, त्याचं हे फळ? पण तेव्हा लोक सूर कुठं ऐकायचे, बटणं मोजायचे. एकशेवीस बटणं गळ्यात असतील तोच खरा वादक!

साठवलेले पैसे घेऊन मी एसटीनं सांगली गाठली. तिथं हळदीच्या पेठेमागं, फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले एक काका बाजे दुरुस्त करायचे, जुने विकायचेही. शेजारी हळदीची गिरणी, त्यामुळं दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर पिवळी भुकटी. मी थेट एकशेवीस बटणांच्या, एकेचाळीस पट्ट्यांच्या धुडाकडं बोट दाखवलं आणि पुसायला पदर पुढं केला. काका गरजले, "पुसू नगंस! आदी तुज्या पार्टीची समदी गाणी वाजीव."

समदी? वीस गाणी होती! पण मीही हट्टाला पेटले, वाजवलीच. शेवटी घामाघूम झाले, खांदा भरून आला. काकांनी वाकून पट्ट्या दाखवल्या. बोटं फिरली तेवढ्या लख्ख झाल्या होत्या. खालच्या दोन आणि वरच्या पाच मात्र तशाच पिवळ्या.

"ह्या सातांचं वझं कुणासाटी वाहायचं गं?"

"लोकांसाठी! नाहीतर ऑर्केस्ट्रातली माझी जागा जाईल," मी फणकारले.

काका हसले नाहीत. "मी बी बँडात लोकांसाटीच वझं वाह्यलं, पोरी," म्हणत त्यांनी डावा हात वर केला. खांद्यापर्यंत आला आणि तिथंच अडला. मग त्यांनी चौतीस पट्ट्यांचा बाजा माझ्या अंगावर चढवला, खांद्याचे बंद आवळले, सैल केले, पुन्हा आवळले. तासभर हेच. काय माणूस होता! महागडी वस्तू गळ्यात मारायची सोडून गिऱ्हाइकाचा खांदा सांभाळत बसला. असा दुकानदार मला पुन्हा भेटला नाही.

"हे काय, बारशाचं खेळणं?" तो बाजा घेऊन साताऱ्याला परतले तेव्हा हेडक्लार्क म्हणाले.

"आधी ऐका, मग बोला."

गणपतीच्या कार्यक्रमात पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत मी उभी होते. शेवटचं गाणं लोकांनी दोनदा घ्यायला लावलं. हेडक्लार्क मात्र माझ्याकडं न बघताच घरी गेले. रात्रभर मला झोप नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत, फायलीतून मान वर न करता ते म्हणाले, "सांगलीच्या त्या वादकाला कळवलंय, येऊ नका म्हणून."

फायलीआड तोंड लपवून मी ढसाढसा रडले. जेवणाच्या सुट्टीत पोस्टकार्ड आणलं. लिहायचं पुष्कळ होतं, पण एकच ओळ उतरली: काका, माझी जागा टिकली.