आधी थेंब, मग तळं

"मॅडम, तुमची सिरीज अडकली," एचओडी सर माझ्या मागे उभे राहून म्हणाले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

सिरीज म्हणजे बेरजेची न संपणारी रांग. ही अगदी साधी होती: एक, अधिक अर्धा, अधिक एक तृतीयांश, अधिक एक चतुर्थांश, असंच पुढे. अ‍ॅनालिसिसमध्ये आम्ही खडूने सिद्ध करतो की ही बेरीज कुठेच थांबत नाही. कितीही मोठा आकडा सांगा, रडतखडत का होईना, ती ओलांडते. आणि इथे, भिवंडीतल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये, ती पंधरा पॉइंट चारवर ठाण मांडून बसली होती.

मला नोकरीभर एकच गोष्ट हवी होती. वरच्या मजल्यावरची गणिताची प्रमेयं आणि खालच्या मजल्यावरचे कॉम्प्युटर एका खोलीत, एका तासात. किती वर्षं मागे लागले, तेव्हा कुठे सरांनी टी.वाय.साठी लॅबचा एक पिरियड दिला. तोही ट्रायलवर. हिशेब शिकवणाऱ्या टॅली कोर्सच्या बॅचला तीच वेळ हवी होती, म्हणून सर आज स्वतः बघायला आले होते.

"फळा खरा की मशीन?" त्यांनी वर्गाला विचारलं.

उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण मी मुलांकडे बघितलं. मुलांना सापडलं तरच या पिरियडला अर्थ होता.

वळ गावची मनीषा उठली. "फळाच खरा, सर. मशीन ठरावीकच आकडे धरून ठेवतं. बेरीज मोठी झाली की पुढचा बारका तुकडा ते धरतच न्हाय."

"अगं, थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना?"

"तळं आधी भरलं तर थेंब कुनाला दिसतो, सर? आधी थेंबच गोळा करायचे."

तिने प्रोग्रॅममधला बेरजेचा लूप उलटा फिरवला. कोटीव्या, सगळ्यात बारक्या तुकड्यापासून सुरुवात, एक सगळ्यात शेवटी. तेच तुकडे, तेच मशीन. लोडशेडिंगचे दिवस होते, लाइट जायची वेळ झाली होती. माझा जीव टांगणीला.

"मॅम, सोलह पार हो गया," मागून निलोफर हळूच म्हणाली.

सर खुर्ची ओढून मनीषाशेजारी बसले. "परत चालव." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आम्हाला हे असं कुणी शिकवलंच नाही हो."

मला वाटलं, जिंकलो.

पुढच्या टर्मला नवं टाइमटेबल लागलं. लॅबचा पिरियड टॅलीला. मी तडक केबिनमध्ये गेले.

"सर, परत चालव म्हणालात ना तुम्ही?"

"म्हणालो. आजही म्हणेन. पण टॅलीची मुलं जास्त आहेत, मॅडम."

प्रमेय पटलं म्हणून टाइमटेबल बदलत नाही. रिटायर होईपर्यंत मी वरच्याच मजल्यावर शिकवलं, फळ्यावर खडूने कॉम्प्युटरचा चौकोन काढून. मुलं त्या चौकोनाकडे बघायची, आणि मला त्या खालच्या खोलीची फार ओढ लागायची.