विशेष हानी नाही

फागी साखरशेतची. तिची माझी ओळख चौतीस वर्षांची. त्यातली पहिली आठ वर्षं ती माझ्या घरी होती, उरलेली सव्वीस आमचं वैर होतं. ती वारली तेव्हा कमू, म्हणजे माझी मुलगी, म्हणाली, "तिच्याबद्दल काही लिहायचं असेल तर खरं लिहा, नाहीतर लिहू नका." म्हणून हे लिहितो. फागी मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जव्हारला संस्थान होतं तेव्हा मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. गाव माझं जामसर. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली. तान्ह्या कमूला दूध कोण पाजणार? कुणीतरी फागीला घेऊन आलं. नवरा झाडावरून पडून मेलेला, कडेवर पाच महिन्यांचा ढवळू. ओटीवर उभी राहून तिनं कमूकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "दे इकडं. तुला धरता पण येत नाय."

ती सगळ्यांनाच अरे-तुरे करायची. साखरशेतकडे तसंच बोलतात, हे मला ठाऊक होतं, कारण जामसरलाही आम्ही तसंच बोलायचो. पण मास्तरांनी निरगुडीच्या फोकानं झोडून झोडून ती बोली माझ्या तोंडातून काढली होती. ती पुन्हा माझ्याच घरात उठता-बसता कानावर पडू लागली, आणि मला ते सोसवेना.

दोन्ही पोरं तिच्या दुधावर वाढली. ती तापट होती. भाकरी करपली तर तवा अंगणात भिरकावायची. पोरांना मात्र गाणी म्हणून दाखवायची. त्यातलं एक, खारीचं, रोजचं होतं:

खारूटे खारूटे, भात कुणी खाल्ला?
मी नाय खाल्ला, वाऱ्यानं नेला.
वाऱ्या रे वाऱ्या, कुठं रे ठेवला?
डोंगरामागं उंदरानं चावला.

पोरं तिच्या पोटावर डोकं ठेवून खिदळायची. मी पलीकडे वह्या तपासत असायचो.

कमू आठ वर्षांची असताना शाळा तपासणीस आमच्या घरी चहाला आले. मोठे शिस्तीचे गृहस्थ. चहा चालला होता, तेवढ्यात कमू मागच्या दारानं धावत आली, आमच्यासमोरून थेट फागीकडे गेली आणि तिच्या लुगड्याला धरून म्हणाली, "आयस, मना भूक लागली."

आयस म्हणजे आई. तपासणीस हसले. म्हणाले, "मास्तर, जंगल अजून घरातच आहे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फागीला जायला सांगितलं. ती भांडली नाही. ढवळूच्या डोक्यावर गाठोडं दिलं आणि उंबऱ्यात थांबली.

"तुझी जीभ तू धुतलीस," ती म्हणाली. "आता हिची धू."

मग उंबऱ्यावर थुंकली आणि गेली. कमूनं तीन दिवस अन्न घेतलं नाही. पुढे ती माझ्याशी शुद्ध बोलू लागली आणि मोजकंच बोलू लागली. सोळाव्या वर्षी तिचं लग्न करून मी तिला मोखाड्याला दिलं.

लढाई सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी जव्हारच्या बाजारात रेडिओ आला. त्याची बॅटरी भरायला मोटारीतून नाशिकला जायची. आवाज दहा हातांपलीकडे जात नसे, आणि गेला तरी मुंबईच्या निवेदकाचं बोलणं पाड्यांवरच्या लोकांना कळत नसे. म्हणून मला हुकूम झाला: बातम्या टिपून घ्यायच्या आणि बाजाराच्या दिवशी ओट्यावर उभं राहून पत्र्याच्या कर्ण्यातून सोप्या भाषेत सांगायच्या. मी धुतलेला कोट घालून उभा राहायचो. दोनशे माणसं मान वर करून ऐकायची. हा मान मला फार आवडला होता.

बातम्यांच्या शेवटी कधी कधी जाहीर सूचना असत. एकदा लढाईच्या मजूर तुकडीची सूचना आली. आसामच्या हद्दीवर रस्ते करायचे, कपडे मिळतील, दोन वेळचं जेवण मिळेल. मी ती तीन बाजार वाचली. तिसऱ्या बाजारी भरती व्हायला आलेल्या सहा जणांत ढवळू होता. वीस वर्षांचा झाला होता. मला रामराम करून म्हणाला, "मास्तर, तू सांगितलंस म्हणून आलो."

पुढच्या बाजाराला फागी आली. ती नाचणी आणि कुंचे विकायला बसायची. त्या दिवशी कुंचे तसेच ठेवून ती ओट्याखाली येऊन उभी राहिली. माझं वाचन संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या कर्ण्यानं माझा पोर नेला."

"तो आपल्या पायांनी गेला," मी म्हणालो.

ती आपल्या कुंच्यांकडे परत गेली. पण त्यानंतरच्या बाजारी तिनं रॉकेलचा रिकामा डबा आणला. त्याचं बूड कापून काढलं होतं. माझं वाचून झालं, लोक पांगू लागले, आणि समोरच्या चिंचेखालून माझाच आवाज आला. तेच खाकरणं, तेच "श्रोतेहो". फागी डब्यात तोंड घालून बसली होती.

"हे जव्हार हाय. पुंजा मास्तर बातम्या देतो.

इमान आला, बाँब पडला, विशेष हानी नाय.
घर गेला, दार गेला, विशेष हानी नाय.
मास्तराची टोपी उडली, हां, थोडी हानी हाय."

लोक हसून हसून खाली बसले. विमानहल्ल्याच्या बातमीनंतर 'विशेष हानी नाही' असं मी दर बाजारी वाचत असे, कारण कागदावर तेच असे.

मग ती दर बाजारी बसू लागली. मी सांगितलं की तांदूळ मुबलक आहे, तर चिंचेखाली सुरू व्हायचं:

खारूटे खारूटे, तांदूळ कुणी नेला?
मी नाय नेला, लढाईनं नेला.
लढाये लढाये, कुठं गं ठेवला?
मास्तराच्या कर्ण्यात जाऊन बसला.

हे गाणं मी आठ वर्षं माझ्याच घरात ऐकलं होतं. माझ्या मुलीला झोपवायचं गाणं घेऊन ती मला बाजारात नागवं करत होती. माणसं आता माझ्याकडे पाठ करून चिंचेकडे तोंड करून बसू लागली. शाळेत मी फळ्याकडे वळलो की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "हां, थोडी हानी हाय."

मी फौजदाराकडे गेलो. सांगितलं की ही बाई लढाईची टिंगल करते, लोक बिथरतील. मला लढाईचं काही नव्हतं, माझं नाव वाचवायचं होतं. त्यानं तिला दोन दिवस कोठडीत ठेवलं आणि डबा टाचेखाली चेपून टाकला. सुटल्यावर ती माझ्या घरावरून गेली. मी दारातच होतो.

"बाजारात डबे लय हायत," ती म्हणाली.

नवा डबा आला. पहिल्यापेक्षा मोठा.

दीड वर्ष असं चाललं. मग एका फाल्गुनात इंग्रजीतलं पत्र आलं, फागीच्या नावचं. टपालवाल्यानं ते माझ्याकडेच आणलं, दुसरं कोण वाचणार? मी ते उघडलं. ढवळू गेला होता. तळावर विमानहल्ला झाला, त्यात अकरा मजूर मेले, त्यात तो. पत्रात तारीख होती. मी माझी बातम्यांची वही काढून पाहिली. त्या तारखेखाली माझ्याच अक्षरात होतं: आसाम हद्दीवर विमानहल्ला, विशेष हानी नाही.

फागीला मी शाळेच्या ओसरीवर बोलावलं आणि पत्राचा अर्थ सांगितला. ती खांबाला टेकून उभी होती.

"कवा?" तिनं विचारलं.

मी दिवस सांगितला.

"त्या बाजाराला तू काय वाचलंस?"

"आठवत नाही."

"मला आठवतं," ती म्हणाली. "मी त्याच्यावर गाणं केलं. सगळी हसली. मी पण हसले."

आत मुलांचे पाढे चालले होते.

"येत्या बाजाराला हे वाच. तुझ्या कर्ण्यातून, ओट्यावरून. ढवळू मेला म्हणून सांग."

"सरकारातून आलेलंच वाचता येतं. मला परवानगी नाही."

"हे सरकारातूनच आलंय ना?"

तिचं खरं होतं. तरी मी नाही म्हणालो. कर्णा तरी दे म्हणाली, तोही दिला नाही. ती पत्र घेऊन गेली.

बाजाराच्या दिवशी मी नेहमीच्या बातम्या वाचल्या. फागी चिंचेखाली आली तशी माणसं हौसेनं पुढे सरकली. तिनं डबा तोंडाला लावला. या वेळी माझा आवाज काढला नाही, स्वतःच्याच आवाजात बोलली.

"ढवळू. बाप बाळ्या. गाव साखरशेत. पौषात आसामला बाँब पडला, त्यात मेला. हानी झाली."

सवयीनं दहा-वीस माणसं हसली. पुढचा चरण आता येईल म्हणून वाट बघत राहिली. तिनं तेच पुन्हा म्हटलं, शब्दाला शब्द. मग हसू थांबलं. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा कुंचे विकणाऱ्या बायका उठून तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

फौजदार ओट्याजवळ होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, धरू का, असं. मी नको म्हटलं असतं तर त्यानं तिला हात लावला नसता, त्यालाही ते नकोसंच झालं होतं. पण ती बोलत असताना सगळा बाजार अधूनमधून माझ्याकडे बघत होता. मी मान डोलावली. त्यानं तिला नेलं.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याहून कमू आली. तिला बातमी कशी कळली कोण जाणे. भाकरी बांधून ती थेट कोठडीवर गेली. तिथं दारात बसून ती फागीबरोबर मोठ्यानं रडली, दुधाचा भाऊ गेला म्हणून. फागीला सोडल्यावर तिला घेऊन मोखाड्याला निघून गेली. माझं घर वाटेत होतं. मी अंगणात उभा होतो. ती थांबली नाही.

त्यानंतर माझ्यासमोर कुणी बसेना. मी महिनाभर रिकाम्या बाजारात वाचलं आणि मग आजारी असल्याचं लिहून दिलं. कर्णा दुसऱ्या मास्तरांकडे गेला.

फागी पुढे साखरशेतला परतली, पण पुन्हा कधी बाजारात बोलली नाही. एकदा जव्हारजवळच्या शिरपामाळाच्या वाटेवर आम्ही समोरासमोर आलो. मी म्हणालो, "फागे, बरी आहेस का?" तिनं मला खालून वर पाहिलं, रस्त्यावर थुंकली आणि मोळी सावरत पुढे गेली. मला राग आला. आजही येतो, आणि तिचं काही चुकलं होतं असंही म्हणवत नाही.

ती कमूच्याच घरी वारली, सत्तावन्न साली, तापानं. मी मोटारीनं मोखाड्याला पोचलो तेव्हा दाराशी माणसं जमली होती. मी चप्पल काढून आत जाऊ लागलो तर कमू आडवी आली.

"आत नको, बाबा," ती म्हणाली. "तिला चाललं नसतं."

"कमू, मी तुझा बाप आहे."

"म्हणूनच सांगते. बाहेर बसा."

तिनं मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मी पायरीवर उन्हात बसून राहिलो. साखरशेतची माणसं येत होती, माझ्याकडे न बघता आत जात होती. दुपारी तिला बाहेर काढलं. खांदा द्यायला मला कुणी बोलावलं नाही. मी उठलो आणि वाट सोडून बाजूला उभा राहिलो.